देहाची तपासणी आणि माणसाचा अधिकार

व्यापारी जहाजावर नोकरी करणारा माणूस कप्तान असो, इंजिनिअर असो की स्वयंपाकी, बोटीवर चढण्यापूर्वी त्याला आपले शरीर समुद्रावरच्या कामाला योग्य असल्याचा दाखला मिळवावा लागतो. दर्यावर्दी मंडळी या तपासणीला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात आणि निकाल ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढ्याच शब्दांत सांगतात. या शब्दांमागचा प्रश्न मात्र फार जुना आहे. एका माणसाने दुसऱ्याला योग्य किंवा अयोग्य ठरवावे, ते कशाच्या आधारावर? हा निर्णय शरीराविषयी असतो, कामाविषयी असतो, की त्या माणसाविषयीच असतो? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न ‘अधिकार’ या नावाखाली चर्चिला आहे. मराठी मुलखात तो पैठणच्या धर्मसभेपासून जुन्नर तालुक्यातल्या आळे गावापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. आळे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे वसलेले गाव आहे. तरीही दाखला आणि माणूस यांचे नाते काय असावे, हे तिथल्या एका समाधीच्या कथेतून नीट समजते.

तपासणीचे स्वरूप

भारतात ही तपासणी नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली २००० साली वैद्यकीय तपासणीचे स्वतंत्र नियम करण्यात आले. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांचाच दाखला ग्राह्य धरला जातो. या नियमांना दोन आंतरराष्ट्रीय करारांचा आधार आहे. एक, दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांविषयीचा १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार. दुसरा, २००६ चा सागरी कामगार करार, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. वय अठराच्या आत असेल तर एकच वर्ष चालतो. रंग ओळखण्याच्या चाचणीची मुदत सहा वर्षांची असते. भर समुद्रात दाखल्याची मुदत संपली, तर मान्यताप्राप्त डॉक्टर असलेले पुढचे बंदर येईपर्यंत तो लागू राहतो, मात्र ही सवलत तीन महिन्यांपलीकडे जात नाही.

सागरी कामगार कराराप्रमाणे दाखल्यात मुख्यतः तीन गोष्टी नमूद कराव्या लागतात. त्या माणसाची नजर आणि कान समाधानकारक आहेत, आणि कामाला गरज असेल तिथे त्याला रंगही नीट ओळखता येतात, ही पहिली. समुद्रावरच्या नोकरीने बळावेल किंवा त्याला कामाला असमर्थ करील असा आजार त्याला नाही, ही दुसरी. त्याच्या प्रकृतीमुळे बोटीवरच्या इतरांच्या आरोग्याला धोका पोहोचणार नाही, ही तिसरी.

या तीन गोष्टींच्या पलीकडे दाखला काहीच सांगत नाही. माणूस शूर आहे की भित्रा, प्रामाणिक आहे की लबाड, कोणत्या कुळातला आहे, यातले काहीही त्यात येत नाही. निकषसुद्धा कामागणिक बदलतात. बोट जिथून चालवली जाते त्या ब्रिजवर पहारा करणाऱ्या डेक अधिकाऱ्याला चष्म्यासह का होईना, पण प्रत्येक डोळ्याने ठरावीक अंतरावरचे दिसलेच पाहिजे. इंजिन विभागात रंगदृष्टीची अट त्यामानाने सैल आहे. हा फरक समुद्रावरच्या वाहतुकीच्या रीतीतून आला आहे. बोटीच्या डाव्या कुशीला लाल दिवा असतो आणि उजव्या कुशीला हिरवा. रात्री आपल्या उजव्या हाताला, वाट छेदत येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला, तर थांबून किंवा वळून तिला वाट द्यायची असते. टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेले नियम या दोन रंगांवर उभे आहेत. ज्याला लाल आणि हिरव्यातला भेद कळत नाही, त्याला समोरची बोट कोणत्या दिशेला चालली आहे, हेच कळणार नाही. म्हणून रंगांधळा माणूस ब्रिजवरच्या पहाऱ्याला अयोग्य ठरतो. त्याच्याविषयी याहून अधिक काही ठरत नाही.

मीमांसकांचा अधिकारविचार

कर्म आणि कर्ता यांची सांगड कशी घालावी, याचा सर्वांत बारकाईने विचार पूर्वमीमांसेने केला. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय यज्ञाचा अधिकार कोणाला, याच प्रश्नाला वाहिलेला आहे. पुढच्या परंपरेने त्याचे सार तीन शब्दांत मांडले: कर्माचा अधिकारी अर्थी, समर्थ आणि विद्वान असावा. त्याला फळाची इच्छा हवी, कर्म पार पाडण्याची ताकद हवी आणि त्या कर्माचे ज्ञान हवे. आजचा दर्यावर्दी याच तीन पायऱ्या चढतो. नोकरीची इच्छा त्याची स्वतःची असते, ज्ञानाचा दाखला प्रशिक्षण आणि परीक्षेतून मिळतो, आणि सामर्थ्याचा दाखला वैद्यकीय तपासणीतून.

सामर्थ्याच्या चर्चेत मीमांसक देत असलेली उदाहरणे ठोस आहेत. यज्ञात यजमानाला पातळ केलेल्या तुपात पाहावे लागते, ते आंधळ्याला जमणार नाही. विष्णुक्रम नावाची पावले टाकावी लागतात, ती पांगळ्याला जमणार नाहीत. कर्मातली कोणती कृती कोणत्या इंद्रियावर अवलंबून आहे, हे इथे नेमके दाखवले आहे. ज्याचे व्यंग दूर होऊ शकते त्याचा अधिकार कायम राहतो आणि ज्याचे व्यंग कायमचे आहे त्याचा जातो, असाही भेद त्यांनी केला. आज डॉक्टर ‘तूर्त अनफिट’ आणि ‘कायमचा अनफिट’ असे दोन शेरे देतात, त्यांत हाच भेद आहे.

मीमांसेत आणखी एक सूक्ष्म विचार आहे. एखाद्या फळासाठी केलेले काम्य कर्म सर्व अंगांनिशी पुरे व्हावे लागते, पण रोजचे नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते. माणसाची ताकद कमी पडली म्हणून त्याला कर्तव्याच्या क्षेत्रातून हाकलून द्यायचे नाही, त्याला झेपेल तेवढे कर्तव्य त्याच्याकडेच ठेवायचे, असा या विचाराचा रोख आहे. सागरी कामगार करारानेही मर्यादित दाखल्याची सोय ठेवली आहे. ठरावीक काळासाठी, ठरावीक कामासाठी किंवा ठरावीक समुद्री टापूपुरता माणूस योग्य आहे, असे डॉक्टर लिहू शकतात. योग्यता ही ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी दुभंगलेली नसते, तिला प्रमाण आणि मर्यादा असतात, ही जाण दोन्हीकडे आहे.

पण याच अध्यायात मीमांसेचा मोठा दोषही आहे. बादरी नावाच्या आचार्यांचे मत होते की यज्ञाचा अधिकार सर्वांना आहे. सूत्रकारांनी ते मत नाकारले आणि शूद्राला अधिकार नाही असे ठरवले. हा नकार डोळा, पाय किंवा बुद्धी यांच्या परीक्षेवर उभा नाही. ज्याला उपनयन नाही त्याला अध्ययन नाही, आणि ज्याला अध्ययन नाही त्याला अधिकार नाही, अशी ती साखळी आहे, आणि तिची पहिली कडी जन्माची आहे. पशूंनाही याच अध्यायात अधिकाराबाहेर ठेवले आहे. त्यांना कर्माचे ज्ञान नाही आणि ते पार पाडण्याची ताकदही नाही, असे कारण दिले आहे. सामर्थ्याचा प्रश्न आणि जन्माचा प्रश्न असे एकाच चौकटीत येऊन बसले. पुढची अनेक शतके दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या नावाने दिले गेले.

पैठणचे शुद्धिपत्र आणि आळ्याची समाधी

ज्ञानेश्वरांच्या चरित्रात हा गोंधळ उघडा पडतो. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात आले. त्यानंतर झालेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चारही भावंडे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत पडली. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले, ही परंपरेने जपलेली कथा आहे. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ती मराठी घराघरांत पोहोचली.

कथेनुसार पैठणात ज्ञानदेवाच्या नावावरून थट्टा झाली. समोरून पखालीचा रेडा चालला होता, त्याचेही नाव ज्ञाना होते. नावात काय आहे, असे कोणी म्हणाले. त्या रेड्यात आणि आपल्यात भेद नाही, असे उत्तर ज्ञानदेवांनी दिले. रेड्यावर आसूड ओढला गेला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. मग त्यांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेद उमटले. पुढे ही भावंडे नेवाशाहून आळंदीकडे निघाली तेव्हा तो रेडा सोबत होता. वाटेत आळे येथे त्याने देह ठेवला आणि तिथेच त्याला समाधी देण्यात आली. ती समाधी आळ्यात आजही पूजली जाते.

ही कथा अधिकारविचाराच्या शेवटच्या टोकावर बोट ठेवते. मीमांसेने ज्याला ज्ञान नाही आणि ताकद नाही म्हणून बाहेर ठेवले, त्या पशूच्याच मुखातून वेद येतो. शुद्धिपत्र मागणाऱ्यांनी भावंडांच्या बुद्धीची, वाणीची, आचरणाची काहीच परीक्षा घेतलेली नव्हती. त्यांची मागणी मुलांच्या जन्माविषयी होती, आणि जन्म ही गोष्ट कोणत्याही परीक्षेने सुधारता येत नाही. कथेचा रोख परीक्षेवर नाही. परीक्षेच्या नावाखाली दिलेल्या जन्माच्या निवाड्यावर तिचा रोख आहे. ज्ञानदेवांनी स्वतः परीक्षा टाळली नाही, ते पैठणला गेले आणि सभेपुढे उभे राहिले.

रेड्याच्या समाधीत आणखी एक अर्थ आहे. पखाल वाहणाऱ्या जनावराची किंमत एरवी त्याच्या पाठीवर ठरते. पाठ चालते तोवर वैरण मिळते, पाठ खचली की तो निरुपयोगी होतो. आळ्यात मान मिळाला तो असा उपयोग संपल्यावर, देह पडल्यावर. काम करण्याची ताकद संपली म्हणजे जिवाचे मोल संपले असे नाही, हे इथे समाधी बांधून सांगितले आहे. शरीरावर पोट असलेल्या प्रत्येक कष्टकऱ्याला हे लागू पडते, आणि वर्षातले कित्येक महिने समुद्रावर राहणाऱ्या दर्यावर्दीला तर विशेष लागू पडते.

तपासणीची तीन समर्थने

सामर्थ्याची परीक्षा न्याय्य आणि जन्माचा निवाडा अन्याय्य, असे एकदा मान्य केले की दाखल्यातल्या तीन कलमांकडे नव्याने पाहता येते. प्रत्येक कलमाचे नैतिक समर्थन वेगळे आहे आणि त्याचे बळही सारखे नाही.

पहिले समर्थन कामाचे आहे. ज्याला दिवा ओळखता येत नाही त्याने दिव्यावर चालणारे काम करू नये. हे समर्थन भक्कम आहे, पण त्याची एक अट आहे: निकष त्या कामातूनच आलेला असला पाहिजे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये काही अभ्यासक्रमांचे दरवाजे रंगांधळ्या विद्यार्थ्यांना बंद होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व अभ्यासक्रमांना त्यांना प्रवेश द्यावा असा निर्देश दिला. चित्रपट ही अनेकांनी मिळून घडवायची कला आहे, तिथे एकाची उणीव दुसऱ्याच्या मदतीने भरून निघते. रात्रीच्या पहाऱ्यावर मात्र निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो आणि त्या क्षणी विचारायला शेजारी कोणी असेलच असे नाही. डोळ्यातले वैगुण्य तेच, पण काम बदलले की न्याय्य उत्तर बदलते. म्हणून ‘रंगांधळा’ हा शेरा माणसावर मारायचा नसतो, माणूस आणि काम यांच्या जोडीवर मारायचा असतो.

दुसरे समर्थन त्या माणसाच्या स्वतःच्या हिताचे आहे. नोकरीने आजार बळावेल म्हणून त्याला थांबवायचे. इथे अडचण येते. स्वतःच्या शरीराचा धोका पत्करायचा की नाही, हे त्याचे त्याने का ठरवू नये? घरच्या जबाबदाऱ्या तोच जाणतो. या आक्षेपात तथ्य आहे, पण समुद्राची परिस्थिती तो बराचसा निकालात काढते. सागरी कामगार करारानुसार शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर असणे बंधनकारक आहे. मालवाहू बोटीवर माणसे साधारण वीस-पंचवीस असतात, म्हणून तिथे डॉक्टर नसतो. बंदर कित्येक दिवसांच्या अंतरावर असते. छातीत कळ आली तर औषधपेटी, रेडिओवरून मिळणारा सल्ला आणि प्रथमोपचार शिकलेला एखादा अधिकारी, एवढाच आधार असतो. अशा जागी ‘माझा धोका माझा’ असे म्हणता येत नाही, कारण त्याला वाचवण्यासाठी बोटीला मार्ग बदलावा लागतो आणि त्याचे काम उरलेल्यांच्या अंगावर पडते. तरीही हे समर्थन जपूनच वापरायला हवे. उपचाराने आटोक्यात असलेला रक्तदाब किंवा मधुमेह हे माणसाला घरी बसवण्याचे निमित्त होऊ नये. अशा वेळी मर्यादित दाखला हा न्याय्य मार्ग ठरतो.

तिसरे समर्थन इतरांच्या सुरक्षिततेचे आहे आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत बळकट आहे. समुद्रावर माणसे एकाच तळावर, एकाच पाण्यावर आणि एकाच हवेवर जगतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाच्या प्रकरणात असा नियम आहे की, पुरेशी माणसे नसल्याने, साधने नसल्याने किंवा डागडुजी न केल्याने नाव बुडाली, तर झालेले नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावे. नाव आणि तिच्यावरची माणसे तयार आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे, हे तत्त्व इतके जुने आहे. म्हणून तपासणी हे केवळ दर्यावर्दीवरचे बंधन नव्हे, त्याच्या बरोबरच्या प्रत्येकाला दिलेले ते वचन आहे.

आंधळा नावाडी

सुप्पारक जातकाची कथा या विचाराला कसोटीवर लावते. सुप्पारक हा भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा, निष्णात नावाडी. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. तेव्हा त्याने समुद्र सोडला आणि राजाकडे मौल्यवान वस्तूंची पारख करण्याचे काम धरले. नुसत्या स्पर्शाने तो वस्तूतले दोष सांगत असे. पुढे व्यापारी त्याला आपल्या नावेवर बोलवायला आले, तेव्हा आपण आंधळे आहोत असे त्याने त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी आग्रह धरला म्हणून तो गेला. वादळाने नाव भरकटली. बरोबरचे लोक दिसेल ते सांगत आणि तो आपण कोणत्या समुद्रात आहोत ते ओळखी. शेवटी त्याच्या सत्यवचनाच्या बळावर सारे सुखरूप परतले.

कथा बौद्ध परंपरेची आहे आणि तिचा गाभा सत्याचा आहे, पण अधिकारविचाराला तिच्यातून तीन गोष्टी मिळतात. डोळे गेले तरी ज्ञान जात नाही, म्हणून सामर्थ्याचे एक अंग खचले की माणूस संपूर्ण असमर्थ झाला असे होत नाही. एका कामाला अयोग्य ठरलेला माणूस दुसऱ्या कामाला उत्तम योग्य असू शकतो. दर्यावर्दीचा अनुभव किनाऱ्यावर शिकवण्यात, जहाजांच्या पाहणीत, बंदराच्या कारभारात उपयोगी पडतो, हे त्याचे आजचे रूप. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सुप्पारकाने आपले अंधत्व लपवले नाही. त्याच्या नावेवर चढलेल्या प्रत्येकाने ते जाणून पाऊल ठेवले होते.

सत्य सांगण्याचे ओझे

वैद्यकीय तपासणीतला सर्वांत अवघड नैतिक प्रश्न इथेच आहे. नोकरी कराराची असते, एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत पगार नसतो. अशा वेळी जुना आजार, अपस्माराचा झटका, मनाचे दुखणे डॉक्टरांपासून लपवण्याचा मोह होतो. लपवणे चुकीचे आहे, यात शंका नाही. सागरी कामगार करारही त्याची किंमत सांगतो. आजारी पडलेल्या दर्यावर्दीच्या उपचाराचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो आणि ती जबाबदारी किमान सोळा आठवडे तरी राहते. पण भरती होताना आजार जाणूनबुजून लपवला असेल, तर मालकाची ही जबाबदारी सुटू शकते. लपवणारा माणूस इतरांबरोबर स्वतःलाही उघड्यावर टाकतो.

मात्र सत्याचे ओझे एकट्या दर्यावर्दीने वाहायचे नाही. ज्या व्यवस्थेत सत्य सांगितल्याची शिक्षा उपासमार असते, ती व्यवस्था असत्याला निमंत्रण देते. म्हणून परीक्षा घेणाऱ्यावरही बंधने आहेत. डॉक्टरांचा निर्णय पूर्णपणे त्यांच्या वैद्यकीय मतावर असला पाहिजे, जहाजमालकाचा किंवा दलालाचा त्यावर दाब असता कामा नये, असे करार सांगतो. दाखला नाकारला गेला किंवा त्यावर मर्यादा घातली गेली, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घेण्याचा हक्क दर्यावर्दीला आहे. परीक्षक चुकू शकतो हे नियमानेच मान्य केले आहे. पैठणच्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या मुलांना असा हक्क नव्हता. भारतातही २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने नोकरी मिळण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई केली. जो आजार कामाच्या आड येत नाही, तो विचारण्याचा अधिकार मालकाला नाही, असे तत्त्व त्यामागे आहे.

क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरीत या अध्यायाचा फार मोठा विस्तार आहे. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि रोग यांतले दुःख आधीच ओळखून असणे, हे गीतेने तिथे ज्ञानाचे एक लक्षण मानले आहे. ज्ञानदेवांच्या विवरणात ज्ञानी माणूस अंगात बळ आहे तोवरच पुढच्या जर्जरतेची जाणीव ठेवतो आणि वेळीच सावध होतो. दर दोन वर्षांनी होणारी तपासणी ही त्या सावधपणाची व्यावहारिक बाजू आहे. शरीर बदलते, झिजते, आणि हे बदल मान्य करण्यात कमीपणा नाही, ही समज त्यामुळे अंगवळणी पडते.

डॉक्टर तपासतात ते क्षेत्र. नजर, कान, छाती, रक्त हे सारे मोजता येते आणि कामाच्या गरजेशी ताडून पाहता येते. क्षेत्रज्ञ मात्र कोणत्याही यंत्राच्या टप्प्यात येत नाही आणि कोणत्याही दाखल्याच्या अखत्यारीतही येत नाही. या भेदातून परीक्षेचे सर्व न्याय्य नियम काढता येतात. निकष कामातून यावा, जन्मातून किंवा पूर्वग्रहातून येऊ नये. तो कामाला लागेल तेवढाच कडक असावा. जिथे पूर्ण सामर्थ्य नाही तिथे यथाशक्ती कामाची वाट मोकळी ठेवावी. परीक्षकाच्या निर्णयावर दाद मागता यावी. दर्यावर्दीने खरे सांगावे आणि खरे सांगणाऱ्याला व्यवस्थेने आधार द्यावा. आणि जो अनफिट ठरला, त्याच्यापुरते फक्त एका कामाचे दार बंद व्हावे, समाजातले त्याचे स्थान आणि मान यांना धक्का लागू नये. या सहा अटी पाळल्या तर वैद्यकीय दाखला हा सामर्थ्याचा प्रामाणिक अहवाल ठरतो. त्यांतली एकही मोडली तर तो पैठणात मागितलेल्या शुद्धिपत्राच्या जातीचा कागद होतो.